स्पिरुलिनातील प्रथिने अन्नात आणताना: सोलापूरच्या उन्हातली काढणी, वाळवण आणि निळा अर्क

स्पिरुलिना या खाण्याच्या सूक्ष्मशेवाळाची ओली काढणी दुधासारखी असते. सोलापुरात चैत्र लागला की सकाळी काढलेले दूध दुपारपर्यंत न तापवता ठेवले तर काय होते, हे कुणाला सांगावे लागत नाही. टाकीतून गाळलेला हिरवा लगदा मात्र आपण बादलीत झाकून ठेवतो आणि ‘जेवण झाल्यावर बघू’ म्हणतो. पहिल्या उन्हाळ्यात माझी एक अख्खी काढणी अशी गेली. दुपारी झाकण काढले तर कुजल्याचा वास आला, आणि लगद्याला निळसर पाणी सुटले होते. ते निळे पाणी म्हणजे फुटलेल्या पेशींतून बाहेर आलेले प्रथिन. आठवडाभर सूर्याने आणि पाण्याने जे केले होते, ते चार तासांत मातीत गेले.

म्हणून नव्याने शिकणाऱ्यांना मी पहिल्यांदा एवढेच सांगते की शेवाळ वाढवणे आपल्याकडे अवघड नाही, ऊन भरपूर आहे. प्रथिन हातचे जाते ते गाळणीपासून वाळवणीपर्यंतच्या दोन तासांत. या लेखात वाढीबद्दल थोडे आणि त्या दोन तासांबद्दल आणि पुढच्या कामाबद्दल जास्त लिहिले आहे.

आधी शेवाळ ओळखा

अन्नासाठी सर्रास वापरली जाणारी सूक्ष्मशेवाळे दोन: स्पिरुलिना आणि क्लोरेला. दोन्हींत प्रथिने भरपूर. कोरड्या वजनाच्या हिशेबाने स्पिरुलिनात साधारण ५५ ते ७० टक्के, क्लोरेलात ५० ते ६० टक्के. फरक आहे तो पेशीच्या कवचात. क्लोरेलाचे कवच चिवट असते. ते फोडल्याशिवाय आतले प्रथिन आतड्याला नीट मिळत नाही, आणि फोडायला मणी घालून दळणारी बीड मिल किंवा उच्च दाबाचे होमोजिनायझर लागते. स्पिरुलिनाच्या कवचात सेल्युलोज नसते. ती तशीच वाळवून खाल्ली तरी बहुतेक प्रथिन पचते. त्यामुळे सुरुवात स्पिरुलिनापासूनच करा.

काटेकोर बोलायचे तर स्पिरुलिना हे शेवाळ नव्हे, एक जिवाणूच (सायनोबॅक्टेरिया). तिचे शास्त्रीय नाव आर्थ्रोस्पायरा प्लॅटेन्सिस. सूक्ष्मदर्शकाखाली ती ताणलेल्या स्प्रिंगसारखी दिसते. आफ्रिकेत चाड सरोवराच्या काठचे लोक ती गाळून, वाळूवर वाळवून तिच्या ‘दिहे’ नावाच्या वड्या करतात, आणि मेक्सिकोच्या टेक्सकोको सरोवरातून अ‍ॅझ्टेक लोकही ती काढून खात. ही सगळी खाऱ्या सोड्याची तळी. आपल्या लोणारच्या सरोवराचे पाणीही असेच, सामू (पीएच) १० च्या आसपास, आणि तिथेही हे शेवाळ आढळते. पण लोणार अभयारण्य आहे, तिथून काही आणायचे नाही.

एक धोका इथेच सांगते. उजनीच्या पाण्यावर किंवा गावच्या तलावावर उन्हाळ्यात हिरवा थर येतो तो स्पिरुलिना नव्हे. त्यात मायक्रोसिस्टिससारखी नील-हरित शेवाळे असू शकतात आणि त्यांचे विष यकृतावर जाते. ते उकळून जात नाही, वाळवूनही जात नाही. बियाणे म्हणजे कल्चर शुद्धच घ्या, खात्रीच्या संस्थेकडून घ्या, आणि आल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः बघा. कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात विनंती केली तर सहसा कुणी नाही म्हणत नाही.

पाणी आणि खुराक

सोलापूरच्या बोअरच्या पाण्यात क्षार जास्त. स्पिरुलिनाच्या टाकीचा सामू ९ ते १०.५ ठेवावा लागतो आणि त्या सामूला पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम पांढऱ्या चुन्यासारखे खाली बसते. सोबत फॉस्फरसही ओढून नेते. तो चुना काढणीत आला की पावडरीत राखेचे प्रमाण वाढते आणि दाताखाली कचकच लागते. म्हणून जारचे फिल्टरचे पाणी किंवा पावसाचे साठवलेले पाणी बरे. महापालिकेचे पाणी रोज येत नाही, तेव्हा आल्या दिवशी साठवा आणि क्लोरीन उडून जायला दोन दिवस उघडे ठेवा, वरून जाळी मात्र हवी.

प्रयोगशाळेत झारुक नावाचे माध्यम प्रमाण मानतात. त्यात लिटरमागे १६.८ ग्रॅम खायचा सोडा, २.५ ग्रॅम सोडियम नायट्रेट, शिवाय फॉस्फेट, सल्फेट, मीठ आणि किंचित लोह. छोट्या टाक्यांत सोडा निम्म्यावर आणला तरी चालते. आपल्या भागात डाळिंबाच्या बागेमुळे घरोघरी १३:००:४५ या खताची पोती असतात आणि तेच टाकण्याचा मोह होतो. मी करू नका म्हणेन. पोत्यात जे शिसे-कॅडमियम असेल ते शेवाळ शोषून घेते आणि वाळल्यावर ते अनेक पटींनी दाट होते. शुद्ध रसायन महाग पडते, पण हे खायचे आहे.

टाकी वीतभर खोल पुरे. दहा चौरस मीटरच्या टाकीत वीस सेंटीमीटर पाणी म्हणजे दोन हजार लिटर. अशा उघड्या टाकीतून रोज चौरस मीटरला ५ ते १० ग्रॅम कोरडा माल मिळतो, म्हणजे सगळे जमून आले तर दिवसाला ५० ते १०० ग्रॅम. मनात मोठे आकडे घेऊन येणाऱ्यांनी हा आकडा आधी पचवावा. शेवाळाला ३० ते ३५ अंश मानवतात. ४० च्या पुढे पाणी गेले की ते मरू लागते, त्यामुळे एप्रिल-मे मध्ये शेडनेट हवेच. टाकीतले पाणी एक सेंटीमीटर उतरले की शंभर लिटर गेले, ते त्याच दिवशी भरा.

काढणी: सूर्य वर यायच्या आत

काढणी पहाटे करा. रात्रभर शेवाळ साठवलेली साखर खर्च करते, त्यामुळे सकाळी प्रथिनाचा वाटा जास्त असतो. हवाही गार असते. टाकीत पांढरी तबकडी काठीला लावून बुडवा. ती दोन-तीन सेंटीमीटरवर दिसेनाशी झाली की माल तयार. एका वेळी टाकीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त गाळू नका, उरलेले पुढचे बियाणे आहे.

गाळणी दोन टप्प्यांत. आधी जाड जाळी, ज्यात किडे, पाने, कचरा अडकेल. तिच्याखाली ४० ते ५० मायक्रॉनचे नायलॉनचे कापड. सोलापूर कापडाचे गाव असल्याने लोक टेरी टॉवेल नाहीतर सुती धडपे वापरायला जातात. सुतात शेवाळ रुतते, कापड धुतले तरी आत कुजत राहते आणि दुसऱ्या दिवशीच्या मालाला वास लागतो. छपाईच्या स्क्रीनचे विणलेले नायलॉन घ्या, शहराच्या पूर्व भागात चौकशी केली तर मिळते. गाळलेले पाणी टाकीत परत सोडा, त्यात सोडा आणि खत आहे.

कापडावर आलेला लगदा हाताने चोळू नका. कापडाची टोके धरून हलवले की तो गोळा होतो. मग धुणे. लगद्याला चिकटलेला सोडा काढला नाही तर पावडर खारट-तुरट लागते. पण साध्या पाण्यात तो फार वेळ ठेवला की पेशी पाणी पिऊन फुटतात आणि निळे पाणी सुटते. थोड्या गार पाण्याने वरून भराभर दोनदा धुवा आणि थांबा. सुटणारे पाणी निळे दिसू लागले की तुम्ही जास्त धुतलेत.

त्यानंतर दाबणे. कापडात गुंडाळून, दोन फळ्यांमध्ये ठेवून, पनीरला ठेवतो तसे वजन ठेवायचे. हळूहळू वाढवा. एकदम भार टाकला तर लगदा कापडातून बाहेर येतो. भाकरीच्या पिठाइतका घट्ट झाला, बोट लावले तर खूण राहिली, की झाले. यात अजून ऐंशी टक्के पाणी असते. इथून पुढे घड्याळ बघायचे. लगेच वाळवणार नसाल तर पातळ थरात फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा, नाहीतर गोठवा.

वाळवण: सोऱ्या हाच खरा यंत्रमाग

गोळा तसाच उन्हात ठेवला तर वरून कडक होतो आणि आत आंबतो. घरात शेव पाडायचा सोऱ्या असतो, त्यात बारीक शेवेची चकती घाला आणि जाळीच्या ट्रेवर शेवया पाडा. दीड-दोन मिलिमीटर जाडी, एकावर एक न येऊ देता. गेल्या वर्षी शेजारच्या काकू बघायला आल्या होत्या. म्हणाल्या, “अगं, ह्या तर कुरडयाच की ओ!” आणि त्यांनी हात लावला तेव्हापासून माझ्यापेक्षा त्यांच्या शेवया सरळ पडतात. ज्या बायकांनी चैत्रात वाळवण केले आहे त्यांना हे काम शिकवावे लागत नाही.

थेट उन्हात मात्र नाही. उन्हाने रंगद्रव्ये उडतात, वर धूळ आणि माशी. वरून झाकलेला, खालून हवा येऊन वरून निघून जाणारा सोलर ड्रायर चांगला. तापमान ४५ ते ६० अंशांत ठेवायचे. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४२ असते, बंद पेटीत ते सहज ७० वर जाते. ड्रायरमध्ये थर्मामीटर टांगा आणि झडप उघडी ठेवा. हवा कोरडी असल्याने त्या दिवसांत चार-पाच तासांत शेवया वाळतात. जुलै-ऑगस्टमध्ये हवेत ओल असते, तेव्हा पंख्याचा विजेवरचा ड्रायर लागतो. पावसाळ्यात उन्हाच्या भरवशावर माल काढू नका.

शेवई वाकवली की कट्कन तुटली पाहिजे. ओलावा सात-आठ टक्क्यांच्या खाली हवा. दळण लहान प्रमाणात मिक्सरवर होते, पण सलग फिरवू नका, भांडे तापते. आणि दळल्याबरोबर डबाबंद करा, कारण ही पावडर हवेतली ओल झपाट्याने ओढते. प्रकाश आणि उष्णता दोन्ही टाळा.

वाळवण नीट झाली का, हे बघायची घरगुती खूण अशी: पांढऱ्या टिपकागदावर चिमूटभर पावडर ठेवून दोन थेंब पाणी घाला आणि तासभर सोडा. कडेला स्वच्छ निळे वर्तुळ पसरले तर प्रथिन शाबूत. मळकट हिरवे किंवा तपकिरी आले तर ड्रायर तापला होता.

प्रथिने वेगळी काढणे

माझे मत स्पष्ट आहे: पहिले सहा महिने हे करू नका. अख्खी पावडर नीट करणे जमले, तपासणीचा अहवाल चांगला आला, की मग इकडे वळा. पण तत्त्व समजून घ्या, कारण बाजारात मिळणारा ‘निळा नैसर्गिक रंग’ आणि ‘शेवाळ प्रथिन’ दोन्ही यातूनच येतात.

पहिले, निळे प्रथिन, फायकोसायनिन. चांगल्या स्पिरुलिनात ते कोरड्या वजनाच्या १० ते २० टक्के असते आणि पाण्यात विरघळते, म्हणून ते सोपे. ताजा लगदा असेल तर तो गोठवून वितळवायचा, असे दोन-तीन वेळा. बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात. वाळलेली पावडर असेल तर गार पाण्यात रात्रभर फ्रीजमध्ये भिजवली तरी निळा रंग सुटतो. एक भाग पावडरीला पंधरा-वीस भाग पाणी, सामू ६ ते ७ च्या दरम्यान. सकाळी सेंट्रिफ्यूज असेल तर फिरवा, नसेल तर न हलवता बसू द्या आणि वरचे निळे पाणी नळीने ओढून घ्या, मग बारीक कापडातून गाळा.

हे पाणी फार नाजूक. ४५ अंशांच्या पुढे रंग उडायला लागतो, सामू ५ च्या खाली गेला तर फुटते, उजेडातही फिके पडते. आटवायला गॅसवर ठेवले तर सगळे गेले. थंड घट्ट साखरेच्या पाकात ते जास्त टिकते. कोरडे करायचे तर फ्रीज ड्रायर नाहीतर काळजीपूर्वक स्प्रे ड्रायर, म्हणजे बाहेरून काम करून घेणे. शुद्धता मोजायला स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ६२० आणि २८० नॅनोमीटरला शोषण घेतात आणि पहिल्याला दुसऱ्याने भागतात. गुणोत्तर ०.७ आले की खाद्य दर्जाचे मानतात.

दुसरे, उरलेल्या हिरव्या चोथ्यातले प्रथिन. याचे तर्कशास्त्र पनीरचे. दुधात लिंबू पिळले की प्रथिन फाटून वेगळे होते, तसे इथेही आम्लाने फाडायचे, फक्त त्याआधी अल्कलीने विरघळवून घ्यायचे. चोथ्यात दहा-वीस पट पाणी घालून, खाद्य दर्जाच्या सौम्य कॉस्टिक सोड्याने सामू १० च्या आसपास आणा आणि तासभर ढवळा. भांडे गार पाण्यात ठेवा. सोलापूरची ‘खोलीतली उष्णता’ उन्हाळ्यात ३८ असते, पुस्तकातली २५ नव्हे. सामू ११-१२ च्या वर नेऊन तापवले तर जास्त प्रथिन सुटते खरे, पण लायसिनसारखी आवश्यक अमिनो आम्ले बिघडतात आणि चवीला साबण येतो. हाव इथे महागात पडते.

गाळ वेगळा करून वरचे पाणी घ्या आणि सौम्य आम्ल थेंबथेंब घालत सामू ३.५ ते ४ पर्यंत उतरवा. दुधासारखे फाटलेले हिरवट कण तळाशी बसतात. वरचे पाणी ओता, कण दोनदा धुवा, सामू पुन्हा ७ वर आणा, मग पसरून वाळवा. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय कॉस्टिकला हात लावायचा नाही. आम्ल पाण्यात घालायचे, पाणी आम्लात नाही.

यात निम्म्याहून जास्त प्रथिन हाती लागेल अशी आशा धरू नका. रंगही हिरवा-तपकिरीच राहतो, कारण हरितद्रव्य प्रथिनाला चिकटते. कारखान्यात ते अल्कोहोलने धुतात, घरगुती जागेत आगीच्या भीतीने ते करू नये.

ताटात किती उतरते?

आपल्याकडे सगळ्यांना पहिल्यांदा शेंगाची चटणीच सुचते. मलाही तीच सुचली. किलोला २० ग्रॅम पावडर, कांडण झाल्यावर गार चटणीत. लसूण, तिखट आणि शेंगदाण्याच्या तेलात शेवाळाचा पाणथळ वास बुडून जातो, चव छान लागते. पण हिशेब करा. एका माणसाने २० ग्रॅम चटणी खाल्ली तर स्पिरुलिना गेली ०.४ ग्रॅम आणि तिच्यातून प्रथिन पाव ग्रॅम. त्याच चटणीतले शेंगदाणे त्याच्या पंधरा-वीस पट प्रथिन देतात. त्यामुळे तिला ‘प्रथिनयुक्त स्पिरुलिना चटणी’ म्हणणे ग्राहकाला फसवणे आहे. मी ते नाव काढून टाकले.

भाकरीचे गणित वेगळे. ६० ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे ६ ग्रॅम प्रथिन. त्यात ३ ग्रॅम स्पिरुलिना घातली तर पावणेदोन-दोन ग्रॅमची भर पडते, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश. शिवाय ज्वारीत लायसिन कमी असते आणि ते स्पिरुलिनात ज्वारीपेक्षा चांगले आहे. पावडर कोरड्या पिठातच चाळून मिसळा, गरम पाण्यात टाकली तर गुठळ्या होतात. तव्यावर निळा रंग मरतो आणि भाकरी गडद हिरवी होते, पण प्रथिन भाजल्याने नाहीसे होत नाही. कडक भाकरी केली तर ती टिकतेही. जिरे, तीळ, लसूण घातल्याशिवाय मात्र पहिल्यांदा खाणाऱ्याला देऊ नका.

निळा अर्क लिंबू सरबतात घालायचा मोह सगळ्यांना होतो. सरबताचा सामू तीनच्या आसपास, प्रथिन फाटते आणि तळाशी निळा गाळ बसतो. ताकातही तीच अडचण. थंड दूध, कुल्फीचे गार मिश्रण, श्रीखंडाऐवजी बासुंदी, इथे तो शोभतो, आणि तोही मिश्रण गार झाल्यावरच.

तपासणी, परवाना, लेबल

विकायच्या आधी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून या गोष्टी तपासून घ्या: एकूण जिवाणू, कोलिफॉर्म, साल्मोनेला, बुरशी. शिसे, आर्सेनिक, कॅडमियम, पारा. मायक्रोसिस्टिन, म्हणजे वर सांगितलेले मायक्रोसिस्टिसचे विष. ओलावा, राख आणि प्रथिन. प्रथिनाचा आकडा नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणून काढतात. शेवाळात बराच नायट्रोजन न्यूक्लिक आम्लांत आणि रंगद्रव्यांतही असतो, त्यामुळे हा आकडा फुगतो. अनेक संशोधक सूक्ष्मशेवाळांसाठी ४.७८ हा गुणक घेतात. अहवालात कोणता गुणक घेतला ते विचारा आणि दोन विक्रेत्यांची तुलना करताना हे आधी बघा.

अन्न परवाना फॉसकॉस या पोर्टलवरून निघतो. तुमचा माल साधे खाद्य म्हणून जाणार की न्यूट्रास्युटिकल (आरोग्यपूरक), यावर परवान्याचा प्रकार ठरतो, आणि न्यूट्रास्युटिकल असेल तर केंद्रीय परवाना लागतो. जागा आणि यंत्रे घेण्याआधी अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात जाऊन हे विचारून या.

लेबलवर आजार बरा होण्याचा दावा लिहू नका. बी-१२ चाही नाही: स्पिरुलिनात दिसणारे बहुतेक बी-१२ माणसाच्या शरीराला उपयोगी नसलेल्या रूपात असते, आणि शाकाहारी माणसाने त्यावर विसंबून गोळी बंद केली तर त्याचे खरे नुकसान होते. न्यूक्लिक आम्लांमुळे युरिक अ‍ॅसिड वाढते, म्हणून वाताच्या म्हणजे गाऊटच्या रुग्णांना सावध करा. फिनाइलकिटोन्युरिया (प्रथिनातले फिनाइलअलानिन शरीराला वापरता न येण्याचा जन्मजात आजार) असलेल्या मुलांना हे देऊ नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी डॉक्टरांना विचारावे. ही वाक्ये पाकिटाच्या पुढच्या बाजूला, वाचता येतील अशा अक्षरांत छापा.

आणि प्रत्येक काढणीला क्रमांक द्या. वहीत तारीख, टाकीचा सामू, पाण्याचे तापमान, गाळायला किती वाजता सुरुवात केली आणि ट्रे ड्रायरमध्ये किती वाजता गेला, एवढे लिहा. त्या काढणीचे एक पाकीट अंधाऱ्या कपाटात राखून ठेवा. सहा महिन्यांनी ते उघडून टिपकागदावर दोन थेंब पाणी घाला आणि निळे वर्तुळ वहीतल्या वेळांशी ताडून बघा.